आदल्या दिवशीचं गिऱ्हाईक

नाही, नाही, नाही, जायचं नाही, बसायचं! ‘स्टॉक संपलाय’ म्हटलं की लगेच निघालात दाराकडे? अहो, स्टॉक संपलाय म्हणाले मी, आम्ही संपलोय असं कुठे म्हणाले? बसा त्या स्टुलावर – ते नको, ते डुगडुगतं, धाकट्याने केलंय, माझ्या भावाने – माणूस ब्रेकचा लिव्हर लाखात एक बनवतो आणि स्टूल बघा – हां, या खुर्चीवर. आणि सायकल आत घ्या. माती पडू दे हो, मातीचं काय एवढं, इथे येणारी प्रत्येक सायकल डोंगर घेऊनच येते, धुतलेली सायकल आली की मलाच संशय येतो. दाखवा. अरे वा! वा, वा, वा! काय सुरेख तुटलाय! – नाही, खरंच, पिनेपासून बोटभर अंतरावर, काकडी मोडावी तसा साफ. पुढचा ब्रेक, उजवा हात. आणि शर्यत उद्या! उद्याचीच ना? मला वाटलंच होतं. म्हणजे वाटलं नव्हतं, पण म्हटलं, येईल, कुणीतरी येईल... ते जाऊ दे. पाणी घ्या. आज मला मेलं हसूच आवरत नाहीये, तुम्ही लक्ष देऊ नका.

मोठ्याने बोलते का मी? सवय आहे, मागे मशीन चालू असते ना. धाकटा आत मशीनवर, मी बाहेर फोनवर, पार्सलवर आणि तक्रारींवर, असा आमचा संसार. लोक विचारतात, नुसत्या ब्रेकच्या लिव्हरवर कारखाना चालतो? एवढ्याशा दांड्यावर? मी म्हणते, उतारावर वेग लागला की विचारा, दांडा एवढासा वाटतो का ते! आणि आमचा एक नियम आहे – धाकट्याचा, म्हणजे माझाच, पण बोलून तो दाखवतो – की आपलं गिऱ्हाईक अडून राहता कामा नये. स्टॉक संपला? संपू दे. आपल्या सायकलचा काढून द्यायचा. ती बघा भिंतीला रांग. पहिली धाकट्याची, तिला मागचा ब्रेक नाही, तो एका शिक्षकांना गेला. पलीकडची आमच्या पॉलिशवाल्याची, तिला दोन्ही नाहीत, बिचारा बसने येतो, आणि वर मलाच म्हणतो, ताई, बस बरी, बसला ब्रेक असतात.

एकदा काय झालं – थांबा, हा पिन ठोकायचा पंच कुठे ठेवला मी – एकदा एकाचा फोन आला डोंगराच्या माथ्यावरून. लिव्हर तुटला, ढग भरून आलेत, खाली कसा येऊ? म्हटलं, घाबरायचं नाही, पिशवीत काय काय आहे ते वाचून दाखवा. मोजे, टेप, केळं, डबा, चमचा. म्हटलं, थांबा! चमचा कसला आहे, स्टीलचा ना? उरलेल्या खुंटाला चमच्याचा दांडा लावा, टेप गुंडाळा, घट्ट, आणखी घट्ट, आणि एका बोटाने हळूहळू दाबत या. मी फोनवर आहे. आणि आला की हो! पूर्ण उतार चमच्यावर उतरला! मी इथे काउंटरला धरून उभी, जशी काही मीच उतरतेय. दुसऱ्या दिवशी नवा लिव्हर पाठवला. तर चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन – लिव्हर मिळाला, छान आहे, पण माझ्या चमच्यांचा सेट मोडला त्याचं काय? आता बोला! पाठवला. चमचा पाठवला मी. दुकानं पालथी घालून तसाच शोधून, लिव्हरच्या डब्यात, फोममध्ये बसवून. धाकटा म्हणाला, ताई, तू आम्हाला भांड्यांचं दुकान काढायला लावणार. पण ती बाई अजून फोन करते. काम काहीच नसतं.

हं, आता ही सायकल इकडे घेऊ. ही हो, ही निळी. हिचा उजवा लिव्हर डिट्टो तुमचाच. पिन काढताना बोलू नये म्हणतात, पण गप्प बसून माझं काम होतच नाही – खाली फडकं, वर पंच, एक टिचकी, दोन टिचक्या – ही आली बघा पिन! आणि ही स्प्रिंग उडते, म्हणून आधीच तळहाताखाली दाबायची, नाहीतर दोघींना गुडघ्यांवर रांगावं लागेल. कुणाची म्हणजे? सायकल? दुकानाची. दुकानात असते ती दुकानाची, नाही का? काय? पाटी? कुठली पाटी? ...अच्छा, ही. नंबराची. हो, शर्यतीचीच आहे. उद्याचीच. हो बाई, बायकांच्याच गटाची. तू फार बारीक बघतेस गं! – तू म्हटलं तर चालेल ना? आता म्हटलंच.

बरं, माझी आहे. माझी सायकल, माझी पाटी. झालं समाधान? ए, उठायचं नाही! उठायचं नाही सांगते, पिन निघालीये, आता हा लिव्हर तुझा. ‘तुम्ही काय करणार’ म्हणजे? मी बघेन पुढच्या वर्षी. गिऱ्हाईक आधी, मग आपण, याच्यावर तर हे दुकान उभं आहे! मला अजिबात वाईट वाटत नाहीये, तोंडाकडे बघ माझ्या, वाईट वाटलेलं तोंड आहे का हे? गेल्या वर्षी? गेल्या वर्षीही नाही जमलं. आदल्या दिवशीच एक कॉलेजची मुलगी आली, तिचा तुटला होता. म्हणजे वाकला होता. थोडासा. डोळे बारीक करून, उजेडात धरून पाहिलं तर. पण मी म्हटलं, नको गं बाई, जिवाशी खेळ नको, घे माझा! ती नको नको म्हणत होती, तुझ्यासारखीच. आणि त्याच्या आदल्या वर्षी... त्या वर्षी कुणी आलंच नाही. संध्याकाळ झाली तरी कुणी नाही. मग मीच फोन लावले. हसतेस काय! गिऱ्हाइकाची आपणहून चौकशी करायची, याला सेवा म्हणतात! ‘उद्या शर्यत आहे, ब्रेक ठीक आहेत ना?’ ठीक आहेत, ठीक आहेत, सगळ्यांचे ठीक! आमचे लिव्हर इतके चांगले कशाला बनवतो हा धाकटा, असं झालं मला. शेवटी एक जण म्हणाला, थोडा कुरकुरतो. म्हटलं, या! आत्ताच्या आत्ता या!

...

तू हसायची थांबलीस. नको ना थांबूस.

अगं, मला सायकल येते हं! तसा गैरसमज नको. चढाला मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. हे गुडघे बघू नकोस, चढावर बघ, तुझ्या वयाच्या पोरी मागे टाकल्यात. मुळात धाकट्याने मला सायकलवर बसवलं ते माझ्या हातासाठी. बघ ना, केवढुसा पंजा – तो म्हणतो, ताईच्या बोटांना लिव्हर पोचला की जगातल्या कुठल्याही बोटांना पोचतो. प्रत्येक नवा लिव्हर आधी माझ्या सायकलला. पण उतार आला ना... म्हणजे साधा उतार नाही, शर्यतीच्या वाटेवरचा तो दगड. आजोबा. त्या दगडाला आजोबा कोणी म्हणायला लागलं देव जाणे, पण तुला माहितीये, पलीकडे जमीनच दिसत नाही. फोनवर मी दिवसभर सांगते – नजर दगडावर नको, दगडाच्या पुढे, कोपरं सैल, बोट लिव्हरवर असं, जसं झोपलेल्या बाळाच्या गालावर. माझं ऐकून किती जण आजोबांवरून उतरले! मिठाया पाठवतात! आणि मी? मी वर जाते, थांबते, इकडे तिकडे बघते, सायकल खांद्यावर घेते आणि झुडपातून, काटे खात, पायी. खाली आलं की कपडे झटकते आणि पुन्हा सायकलवर. झालं. कुणाला म्हणून सांगितलेलं नाही हे, आणि तुझी माझी ओळख तरी काय, लिव्हरपुरती.

आई मात्र दरवर्षी येते. इथेच वर राहते आमच्याबरोबर. शर्यतीच्या सकाळी टोपी घालते, घडीची खुर्ची काखेत मारते आणि जाऊन बसते शेवटच्या रेषेपाशी, अगदी पुढे, कार्यकर्त्यांनी उठवलं तरी उठत नाही, ‘माझी मुलगी यायचीये’ म्हणते. आणि मग मी जाते तिच्याकडे, चालत, आणि सांगते, आई, काल ऐन वेळी गिऱ्हाईक आलं गं. ती खुर्चीची घडी करते. गेल्या वर्षी तेवढं म्हणाली, ‘गिऱ्हाईक बरं येतं तुझं, अगदी वेळेवर.’ एवढंच. मला मेलीला रात्रभर ते ऐकू येत होतं.

हे बघ, बसला तुझा! दाब. एका बोटाने. मऊ आहे ना? हा माझ्या बोटाला सरावलेला आहे, तुझं ऐकेल आता. बाय द वे, तुटला कुठे तुझा? ...आजोबांवर? आज? म्हणजे तू पडलीस? आजोबांवरून? आणि – दाखव, कोपर दाखव. एवढंच? दुसरीकडे कुठे? पाठ? डोकं? चक्कर वगैरे? एवढंच खरचटलं? अगं, मी किती वर्षं हाडं मोजतेय त्या दगडाखाली! आणि उद्या पुन्हा तिथूनच जाणार? वेडी आहेस. खरं सांग मला, पडताना काय वाटलं? – हसू आलं? हसू! पडताना! अगं बाई... नाही, मला पण हसू येतंय, पण माझं वेगळं आहे, मी सुटले म्हणून हसतेय सकाळपासून... बघ, बोलून गेले. ऐकू नकोस ते.

अरे, मशीन थांबली. काय रे धाकट्या? चहा हवाय? – हा माझा भाऊ. – हे काय आणलंस फडक्यात? लिव्हर! उजवा! अरे, अजून कोमट आहे! मग आधी का नाही आणलास, गाढवा, हिला हाच दिला असता, मी उगाच माझी सायकल... काय? पिन ठोकली जायची वाट बघत होतास? दाराआडून? लाज नाही वाटत, मोठ्या बहिणीवर पाळत ठेवायला! आणि हा? डावापण? आणि पिना, आणि स्प्रिंगा, आणि वॉशर... अरे, पुरे, दुकान मांडलंस! एवढे कुणाचे हे? ऑर्डर? कसली ऑर्डर, फोन तर मी घेते सगळे. तोंडी? कुणाची?

...आईची?

आई गिऱ्हाईक? आई काय करणार लिव्हर घेऊन, तिला चाकांची पिशवीसुद्धा ढकलवत नाही! काय म्हणाली? नीट सांग, जसंच्या तसं सांग. ‘निळ्या सायकलला बसवून हवेत.’ हं. ‘उद्याच हवेत.’ बरं. आणि पोचवायचे कुठे? ...रेषेवर. तिच्या हातात. ‘तुझ्या ताईला सांग, मीसुद्धा गिऱ्हाईकच आहे, मला अडवून ठेवू नकोस म्हणावं.’ असं म्हणाली? असं? आणि तू हो म्हणालास? तू ऑर्डर घेतलीस? अरे, घेतलेली ऑर्डर आजपर्यंत आपण कधी...

ए, तुम्ही दोघं असे बघू नका माझ्याकडे.

हसत पण नका बसू. चुकून दगड आला तर – चुकून काय, येणारच आहे तो, कुठे जाणार – पडले तर पडले. कोपर. कोपरच ना? कोपराचं काय एवढं. देवा रे, तोंड बघ, हसतंच आहे! धाकट्या, पंच दे इकडे. नाही, मीच बसवणार. तू स्प्रिंग धर. – आणि तू अजून इथेच? पैसे? अगं, पैसे राहू देत, नीघ, घरी जा, जेव, लवकर झोप. आणि ऐक, उद्या उतारावर मागून कुणी बाई ‘बाजूला! बाजूला!’ म्हणून बोंबलत आली ना, तर वळून बघत बसू नकोस. वाट दे. जा आता.