तळव्यातलं बटण

नाही मॅडम, बोटं अशी सैल सोडायची नाहीत — आई असती तर पट्टी हाणली असती. शिवणकाम करायची ना, हातात कायम पट्टी. ऐकू येत नव्हतं, पण दुसऱ्याचं वाकडं बोट लगेच दिसायचं. हनुवटीपाशी सपाट पंजा म्हणजे ‘पुरे’, तिथेच मूठ म्हणजे ‘भूक’ — जागा तीच, हलवणं तेच, फक्त हाताचा आकार वेगळा. घ्या, काढा फोटो. मेलेल्या बाईचे हात तुमच्या खुणांच्या कोशात जाणार, तेही माझ्या हातांनी. गंमतच आहे.

काका? झोपलेत आत. त्यांना काय विचारता! पंचवीस वर्षं एका घरात राहून माणसाला एक खूण येत नाही. पाहुणे आले की म्हणायचे, ‘वहिनीला सांग, माकडचाळे टेबलाखाली.’ — आणि ती खरंच हात टेबलाखाली न्यायची. पण गप्प बसेल तर शपथ! माझा हात ओढून तळव्यात आकार करायची आणि मी न बघता, नुसत्या स्पर्शानं वाचायचे. काकांच्या नावाची तिची खूण म्हणजे फुगलेला गाल — तळव्यात गाल कुठून आणणार? फुगीर मूठ द्यायची, आणि मी पाहुण्यांसमोर फिस्सकन हसायचे.

माझं नाव? राहू द्या ते. — बरं, बटण. लहानपणी गिळलं होतं मी. अंगठा नि पहिलं बोट जुळवून गोल, बाकीची तीन मिटलेली, गळ्यापाशी. झालं? नाही, करून नाही दाखवणार.

अहो, कॉलेज सोडलं ना मी, त्या दिवशी ती भराभरा बोलत होती — शिवून शिवून डोळे गेले आणि तू असं, तू तसं — आणि मी तिचे दोन्ही हात धरले. गच्च. कळतंय का? तोंड दाबलं मी तिचं. काकांनी निदान टेबलाखाली तरी मोकळे ठेवले होते. मी ओरडत राहिले — ऐकू न येणाऱ्या बाईवर! — आणि माझ्या मुठीत तिचं बोट अंगठ्याला जाऊन टेकत होतं. गोल. पुन्हा गोल. रागावणं नाही, काही नाही, नुसती हाक. वाचली मी. वाचता येतच होती ना मला! तरी हात सोडले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षं पाय आपटून बोलवायची मला. त्या नावानं नाही. शेवटपर्यंत नाही.

आता नुसती बसले असले तरी तळव्यात काहीतरी वळतं, जुळतं, पुन्हा... काय बघताय? कुठे? माझा हात?

बंद करा तो कॅमेरा. हा आकार नाही द्यायचा मला. उचला सामान — निघा.