राजनंदिनी मैदानात

हॅलो?… कोन, सृष्टी? व्हय, व्हय, आईच बोलतीया… अगं हळू! कोइमतुरातनं वरडायचं काय काम हाय, फोन हाय की कानाला…

व्हय. आपलीच हाय ती. व्हिडिओतली लाल मातीतली बाई म्हंजी तुजी वयनीच, राजनंदिनी, आपली नंदा… न्हाई, न्हाई, डोकं ठिकानावर हाय समद्यांचं… अगं ऐक ना! पयल्यापास्नं सांगते.

लग्नाआधी कुस्ती खेळायची ती, ठावं हाय की तुला. सोयरीक ठरवतानाच सांगितलं हुतं, लगीन झालं की तालीम बंद… व्हय, मीच सांगितलं. चार वरसं तिनं ब्र काढला न्हाई. भाकरी, धुनं, द्राक्षाची छाटनी, मग बारकी झाली… आनि गेल्या दिवाळीनंतर एक दिस पाटंचं बेदान्याच्या शेडमदनं धापा टाकल्याचा आवाज. मला वाटलं, कुत्रं शिरलं. बगतीया तर ही बया जोर मारतीया!… लय बोलले गं. "लेकराची आई हायस, लोक काय म्हनतील?" तर म्हनली, "आई, समदं आवरून करते. दिसातला तेवडा एक तास माजा हाय."… न्हाई, रडली न्हाई. बैठका मारत मारतच बोलली.

मग काय? मग म्या शेडचं दार वडून घेतलं… अगं, जयराजला कशाला सांगू? भाऊ तुजा, ठावं न्हाई व्हय तुला!

तर परवा यात्रेचं मैदान. सोलापूरकडची एक पोरगी, भरल्या दंडाची, आखाड्यात उबी. जोडच मिळंना. पुकारनारा म्हनतुया, "काय वो, हितल्या लेकीसुना नुसत्या भाकरीच थापत्यात व्हय?" आनि समदी हसाय लागली… व्हय ना! माज्या अंगाची आग झाली. नंदा शेजारीच, मांडीवर बारकी. तिनं माज्याकडं बगितलं. नुसतं बगितलं गं… म्या म्हनलं, "आन ती पोर हिकडं. जा."

जयराज?… त्यो यात्रा कमिटीत, वर मंडपात. तितनं हातानं न्हाई-न्हाई करतुया. हिनं तिकडं बगितलंच न्हाई. कुनाची तरी ट्रॅकपँट घालून आली, माती कपाळाला लावली, आनि शिरली…

थांब की, सांगते! पयल्यांदा खालीच गेली. ती पोरगी हिच्या पाटीवर बसली. वाटलं, म्याच ढकललं हिला. जयराज तोंड फिरवून बसला… आनि कशी निसटली देवाला ठावं! हलगी कडाडली, ही उटली, आनि लावला ढाकेचा डाव! ती पोरगी आभाळ बगतीया!… चितपट गं, चितपट!

मी? मी बारकीला घिऊन नाचले… व्हय, नऊवारीत! आनि आबा तुजं, चष्मा पुसायचं सोंग करून रडत हुतं. जयराज मंडपातनं उडी मारून आला. म्हनला, "मला सांगायचंस तरी." ही म्हनली, "सांगितलं असतं तर?"… त्यानं खाली बगून बारकीचं नाक पुसलं.

आता पाच वाजता ती तालमीत, बारकी त्याच्याकडं. काल पोरीला उलटा फ्राक घालून गावभर फिरवली की त्यानं!

हॅलो?… सृष्टी?… रडतीस व्हय गं?…

कबड्डी… ठावं हाय मला. तुजं लगीन ठरलं तवा खेळायचं बूट म्याच देऊन टाकलं चुलतीच्या लेकीला. नऊ वरसं झाली… न्हाई, बोलू दे मला. चुकलं माजं. लय चुकलं…

काय?… तितं ग्राउंड हाय? आनि आपल्याकडच्या सात बायका तयार हायत? मग बसलीस कशाला घरात!… पोरं कोन बगनार? दे, जावईबापूस्नी फोन दे. दे म्हंते न्हवं!

राम राम, जावईबापू… बरं हाय का?… एक काम हुतं तुमच्याकडं. सांजच्याला तासभर पोरं सांबाळायची… तासभरच वो… काय म्हनलासा? आवाज तुटतुया? मला तर तुमचा झ्याक येतुया… हॅलो?… हॅलो?…

ठेवला!… नंदे, ये हिकडं. लाव गं परत.