पिस्टनवरची माती

ओहायोतल्या सुट्या भागांच्या दुकानात वर्न इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या नव्या रॉकरचा खोका काखोटीला मारून रांगेत उभा होता. त्याच्यापुढे एक नवरा-बायको होते.

“लोरेन, दीड पटीचे रॉकर दूध आणायच्या गाडीला. एक पॉइंट सहा पटीचे लावले की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, गाडी पळते!”

“आणि पिस्टनवर आपटला तर?”

“पिस्टनवर माती लावून, इंजिन हाताने फिरवून बघितलंय. व्हॉल्व्हने दाबूनही माती जाडच राहिली. भरपूर जागा आहे.”

“नातवाची खेळायची माती पळवलीस, ठाऊक आहे. पण डेल्बर्ट, तेव्हा रॉकर कुठले होते?”

“...जुनेच.”

“धन्य आहे बाबा तुझी!”

मागे वर्न खो खो हसला. मग त्याला आठवलं, परवा आपणही आपलं इंजिन जुन्याच रॉकरवर तपासलं होतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “नातवाची माती थोडी उरलीय का हो?”