ताईंशिवायचा महिना

सन्माननीय अध्यक्ष महाशय, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे आमचे सल्लागारसाहेब, संस्थेच्या नव्या संचालिका, कार्यकारिणीचे मान्यवर सदस्य, समोर बसलेल्या सेविका भगिनी, रुग्णांचे नातलग, देणगीदार, हितचिंतक, खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो त्या मावळत्या संचालिका, म्हणजे आमच्या सौभाग्यवती,

सर्वांना नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांनी ताडलंच असेल. सकाळी नव्या संचालिकांचा फोन आला, "काका, दोन शब्द बोलाल ना? घरच्या माणसानं बोललं की बरं दिसतं." मी हो म्हटलं. आता बरं दिसेल की नाही, ते तुम्ही ठरवा. ताईंची थोरवी आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी पडलो चष्म्याचा दुकानदार. माणसाला जवळचं दिसत नाही की लांबचं, एवढंच मला कळतं. त्यामुळे थोरवी बाजूला ठेवतो आणि मत्सराबद्दल बोलतो.

दचकू नका, अध्यक्षमहाराज. ही इकडे माझ्याकडे डोळे वटारतेय, तिकडेही लक्ष देऊ नका.

नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तर त्या दुसरीला 'सवत' म्हणायला बाईजवळ शब्द तरी आहे. पण बायकोनं संस्था काढली, तर नवऱ्यानं त्या संस्थेला काय म्हणायचं? भाषेनं आमची काही सोयच केलेली नाही. म्हणून इतकी वर्षं मी गप्प बसलो.

ही संस्था काय करते ते आपण जाणताच. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन सेवा. कूस बदलायची, अंग पुसायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या गरजूंना वापरायला द्यायच्या. हिनं हे सुरू केलं ते आमच्या सासूबाईंच्या आजारपणानंतर, आमच्याच पुढच्या खोलीत. सुरुवातीला मला मोठा अभिमान वाटला. नंतर पुढच्या खोलीत माझी खुर्चीही उरली नाही, तेव्हा अभिमान थोडा आटला. पुढे गल्लीच्या टोकाला ऑफिस झालं, तरी गाद्या आणि वॉकर आमच्याच पुढच्या खोलीत राहिले.

कारण सगळा कारभार हिच्या डोक्यात. कुठली गादी कुणाकडे गेली, कुठल्या आजोबांना कुठल्या सेविकेचा हात चालतो, कुणाच्या सुनेशी जपून बोलायचं, हे फक्त हिला ठाऊक. जेवताना फोन. आंघोळीला गेली की दाराबाहेरून मी ओरडून निरोप सांगायचा. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, आणि ही शेजारी बसली होती. मनात म्हटलं, चला, डोळा गेला तरी बेहत्तर, बायको तर मिळाली. तेवढ्यात फोन. ही उठली. "आलेच हं," म्हणाली. आणि थोड्या वेळानं डोळ्यात थेंब घालायला कोण आलं? संस्थेची सेविका! तिनं थेंब उत्तम घातले, तक्रारीला जागा नाही. हिनंच शिकवलेली ना ती. माझ्या वाट्याला हिचं प्रशिक्षण आलं, ही नाही आली.

तर असे दिवस चालले असताना एका मोठ्या देणगीदार संस्थेनं कळवलं, की तुमचं काम उत्तम आहे, पण पाया कच्चा आहे. आधी क्षमताबांधणी करा, मग पुढचं बोलू. क्षमताबांधणी म्हटल्यावर मला वाटलं, इमारतीचं काम निघालं. मनात म्हटलं, छान, पुढची खोली परत मिळणार. पण आले ते गवंडी नव्हे, सल्लागारसाहेब.

साहेब, आपण समोर आहात म्हणून शब्द मऊ करणार नाही. मला आपण पहिल्या दिवसापासून आवडला नाहीत. उंच, शांत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. हा शेवटचा गुण तर मला फारच खटकला. हिच्या तोंडी उठता-बसता एकच, "सल्लागार म्हणतात". सल्लागार म्हणतात, निर्णय कुणी घ्यायचा ते लिहून ठेवावं. सल्लागार म्हणतात, प्रत्येक कामाला दुसरं माणूस तयार हवं. सल्लागार बिनसाखरेचा चहा घेतात म्हणून आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. हेच मी दहा वर्षं सांगितलं असतं, तर हिनं ऐकलं असतं का?

त्यात कहर म्हणजे कार्यकारिणी. आमची तेव्हाची कार्यकारिणी म्हणजे हिची बहीण, शेजारचे काका, आमचे घरचे डॉक्टर आणि मी. ही सांगेल तिथे आम्ही हात वर करायचो, मग चहा. साहेबांनी नम्रपणे विचारलं, "ताई चुकल्या, तर या खोलीत त्यांना नाही म्हणणारं कोण आहे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता आली का पंचाईत? घरात जे जमलं नाही, ते मी बैठकीत काय करणार! शेवटी ठरलं, की संचालिकेचा नवरा मंडळावर नसावा. ठराव मांडला गेला, मीच हात वर केला आणि मीच बाहेर पडलो. संस्थेशी माझं उरलंसुरलं नातं होतं, तेही या गृहस्थांनी असं तोडलं.

आणि मग एका रविवारी हे घरीच आले. मी डोकं दुखतंय म्हणून दुकान बंद ठेवलं. डोकं दुखत नव्हतं, हे सांगायला नकोच. पडद्याआड मी, बाहेर हे दोघं. यांनी हिला विचारलं, "ताई, उद्या तुम्ही नसलात तर?"

"नसायला मी कुठे चाललेय?" ही ताडकन म्हणाली. "माझ्या माणसांना माझ्याशिवाय जमत नाही."

"जमत नाही, की जमवू दिलेलं नाही?"

हिला असं बोलून जिवंत राहिलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग ते म्हणाले, "महिनाभर ऑफिसात जाऊ नका. फोन दुसऱ्याकडे द्या. काय मोडतं ते बघू. जे मोडेल, तेवढंच आपल्याला बांधायचं आहे."

"फोन कुणाकडे देऊ?"

साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "आत कुणी आहे ना?"

मंडळी, ज्या माणसाचा मी एवढा दुस्वास केला, त्यानं माझी बायको महिनाभरासाठी माझ्या स्वाधीन केली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पहिले काही दिवस फोन नुसता कोकलत होता. मी मोठ्या ऐटीत सांगायचो, "ताई नाहीत. ऑफिसात बारकीला विचारा." बारकी म्हणजे आजच्या आपल्या संचालिका. अंगानं बारीक म्हणून सेविकांनी ठेवलेलं नाव, पद आलं तरी सुटलेलं नाही. तेव्हा ती सेविकांच्या पाळ्या लावायची. मी दुपारी दुकान लवकर बंद करून घरी यायचो. म्हणायचो, चल, फिरून येऊ. ही यायची, पण चालताना नजर माझ्या खिशाकडे, फोन वाजतोय का. बागेतल्या बाकावर आम्ही दोघं बसलेलो, मध्ये संस्था बसलेली. शेजारी शरीर असून माणूस नसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

आणि मग फोन वाजायचा थांबला. ही म्हणाली, "अहो, फोन बिघडलाय का बघा."

"ठणठणीत आहे."

"मग कुणाचाच कसा नाही?"

त्या रात्री ही जेवलीही नाही नीट.

अशातच एका सकाळी दुकानात एक बाई आली. आमच्या संस्थेचे रुग्ण असलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्यांची सून. डोळे सुजलेले. म्हणाली, "आमच्या गल्लीत येणाऱ्या दोन्ही सेविका मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागल्या हो. सासऱ्यांची कूस बदलायला कुणी नाही, मला एकटीला उचलत नाहीत. ताईंना सांगा ना. ताई असत्या तर स्वतः येऊन बसल्या असत्या." खरं होतं ते. बसलीच असती. मी काय करावं? हिला सांगितलं तर ही गेली, आणि माझा महिना संपला. नाही सांगितलं आणि त्या म्हाताऱ्याचं काही झालं, तर? मी तिला ऑफिसात बारकीकडे पाठवलं, दुकान ओढून घेतलं आणि घरी जाऊन हिला सांगून टाकलं.

हिनं चपला पायात सरकवल्या, पदर खोचला आणि निघाली. मागे मी. ऑफिसच्या खिडकीपाशी पोचलो आणि ही थबकली. आत बारकी. शिंप्यांची सून तिच्यासमोर, आणि शेजारी त्याच गल्लीतल्या आणखी एका घरचा माणूस. त्याचीही आई अंथरुणावर. बारकी म्हणत होती, "तुमची दोघांची घरं समोरासमोर आहेत. एक सेविका सकाळी इकडे, दुपारी तिकडे. आणि वहिनी, मधल्या वेळी चादरीनं कूस कशी बदलायची ते मी आज येऊन शिकवते. ताकद लागत नाही, युक्ती लागते."

आता या संस्थेत एक रुग्ण, एक सेविका हा ताईंचा दंडक. बारकीनं तो मोडला होता, न विचारता. सून म्हणाली, "पण ताईंना विचारलं का?" बारकी जरा घुटमळली. मग म्हणाली, "नाही. मी सांगतेय."

मला वाटलं, आता ही आत घुसते. पण ही उलट वळली आणि घराकडे चालू लागली. घरी येऊन पायरीवरच बसली. मी पाणी आणलं. म्हणाली, "ती माझ्यासारखं बोलत नव्हती हो. तिच्यासारखं बोलत होती. आणि लोक ऐकत होते."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं. पण इथे," छातीवर हात ठेवून म्हणाली, "इथे आग आग होतेय. मला तिचा हेवा वाटतोय. मीच शिकवलेल्या पोरीचा. लाज वाटते सांगायला."

मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, "लाज कसली? मी हे घेऊन इतकी वर्षं संसार केला." तेव्हा हिनं माझ्याकडे पाहिलं. हो, नीट पाहिलं. चष्म्याचा धंदा आहे माझा, कोण नुसतं बघतं आणि कोणाला दिसतं, यातला फरक मला कळतो.

महिना संपल्यावर ही ऑफिसात गेली आणि पहिल्याच बैठकीत त्या दंडकाची दुरुस्ती हिनंच मांडली. पुढची दोन-तीन वर्षं सोपी गेली नाहीत. नवी कार्यकारिणी आली, ती खरोखर हिला नाही म्हणायची. ही घरी येऊन भांडी आपटायची. बारकीशी दोनदा अबोला झाला. सगळं गोड झालं असं मी सांगितलं, तर समोरच्या सेविका हसतील. पण आज ही उठून चालली आहे आणि उद्या सकाळी सेविका आपापल्या पत्त्यावर वेळेत पोचणार आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या ते खरं, माणूस गेल्यावर संस्था उभी राहिली तर ती संस्था, नाहीतर तो त्या माणसाचा उद्योग.

म्हणजे आता बायको घरी येणार, नवऱ्याचं भाग्य उजळलं, असं आपल्याला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. गेल्या आठवड्यात ही म्हणाली, "सल्लागार म्हणतात, गावोगावी एकाच माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या छोट्या संस्था आहेत. त्यांना शिकवायला मी जावं. आठवड्यातले तीन दिवस." आणि थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही येता का बरोबर?"

इतक्या वर्षांत हिनं मला पहिल्यांदा 'येता का' म्हणून विचारलं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "दुकान कोण बघणार?"

कारण दुकानाचं सगळं माझ्या डोक्यात. कुठल्या गिऱ्हाइकाचं नाक बसकं, कुठल्या खणात कुठली काच. ही फक्त हसली. ते हसू मला फार लागलं.

माझी भाची हेच काम शिकून आली आहे. दीड वर्ष दुकानात माझ्या मागे उभी राहते. मी तिला फक्त काचा पुसायला द्यायचो. आज दुपारी किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि इकडे आलो. मी इथे बोलतोय आणि माझं दुकान उघडं आहे, ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा घडतेय. निघताना एक नेहमीचे गृहस्थ तिच्याकडून चष्मा बसवून घेत होते. मला म्हणाले, "पोरीचा हात हलका आहे हो, तुमच्यापेक्षा." तेव्हापासून मी जळतोय. पण जळतोय तो इथे, हिच्यासमोर उभा राहून.

तेव्हा बाईसाहेब, सर्वांच्या साक्षीनं सांगतो. सोमवारी तुझ्याबरोबर मी येतोय.

मला बोलायला सांगितल्याबद्दल संचालिकांचे, सहन केल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल, ती त्यांची जुनीच खोड आहे, सल्लागारसाहेबांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला अधिक-उणं लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते या चष्मेवाल्याच्या नजरेचा दोष समजून पोटात घाला. वेळेची मर्यादा मी केव्हाच ओलांडली आहे. पण मला आज कुठे घाईनं जायचं नाहीये. मी इथेच बसणार आहे, शेवटपर्यंत.

धन्यवाद.