शोरूमची सर्व्हिसिंग आणि माझे बोंबील

शोरूमला चौपट पैसे देतो ते नीट कामासाठीच ना गं? आमची बाईक सकाळी चालूच होईना, माझा बाजार बुडायला लागला, म्हणून नवऱ्याने डहाणूच्या शोरूमला सर्व्हिसिंगला टाकली. बिलात लिहिलेलं, "सीट काढून बॅटरी तपासली."

मी मॅनेजरला विचारलं, "सीट काढलेली?"

"हो ताई, माझ्यासमोर."

"मग परत काढून दाखव."

सीट निघाली आणि अख्खी शोरूम नाक दाबून उभी! उधवा गावच्या माझ्या बहिणीसाठी घेतलेले सुके बोंबील मी आठवड्यापूर्वी बॅटरीवरच विसरलेले, पिशवी जागची हललेली नाही.

मॅनेजर म्हणाला, "ताई, बॅटरीचे पैसे कापतो, पण आधी ही पिशवी उचला!"

मी म्हटलं, "पैसे राहू दे. आधी बॅटरी तपास, मग उचलते."