आईची इंग्लिश खरेदी

हॅलो? … हां मावशी, अक्षदाच बोलतेय. जरा हळू बोल… अगं मी जिन्यात उभी आहे, आईच्या इंग्लिश क्लासच्या बाहेर. खिडकीतून बघतेय… नाही गं, तिला कुठे माहितीय. येऊ नकोस म्हणालेली.

हो, हो… आज परीक्षाच. दिशा मॅडम दुकानदार झाल्यात. टेबलावर खरा किराणा मांडलाय, भाजी मांडलीय, आणि एकेकीने जाऊन इंग्लिशमधून खरेदी करायची… आई? आता तिचाच नंबर. आज अडखळले तर क्लास सोडणार, असं सकाळी चहा गाळताना म्हणाली. रडवेली झालेली.

मीच घेतली ना तयारी. मोजून घेतो ते मेनी, मापून घेतो ते मच. तर मला म्हणते, तांदूळ निवडताना मी एकेक दाणा बघते, मग तो मोजण्यातला का नाही?… हस तू. मी आपली सरळ साखरेकडे वळले.

थांब थांब, उठली… अगं ऐक ना. केळ्यांना मेनी म्हणाली. बरोबर. तांदळाला… मच. मावशी, मच म्हणाली ती… साखरेलापण. कांदे मेनी. कसली भारी बोलतेय, मान वर करून.

झालं बहुतेक. मॅडम पिशवी देतायत… आई घेत नाहीये. काहीतरी मागतेय… कोथिंबीर. वरची गं, फुकटातली… शप्पथ. भर परीक्षेत. 'लिटल कोरिअँडर, फ्री.' मॅडम नो म्हणाल्या.

मावशी… आईने पिशवी परत टेबलावर ठेवली. पाठ फिरवली. निघाली ती… सोडला वाटतं क्लास. दारापर्यंत आली गं… नाही, रडत नाहीये. पण किती हळू चालतेय…

काय?… तू पण कोपरीच्या मार्केटात अशीच निघतेस?… अरे हो की. भाजीवाला परत बोलवेपर्यंत…

बोलावलं. मावशी, मॅडमनी हाक मारली. 'कम, कम, टेक.' सगळ्या बायका हसून लोळतायत, टाळ्या वाजवतायत. आणि मॅडमनी ना, स्वतःच्या घरी न्यायच्या पिशवीतून अख्खी जुडी काढून दिली.

पास का?… अगं, आईने ते विचारलंच नाही. पुढची बॅच किती वाजता, ते विचारतेय. इंग्लिशमधून. आणि मॅडम… ए, ठेवते, ठेवते, ती इकडेच बघ…