निमकरसाहेबांची खुर्ची

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतलं धर्मादाय डायलिसिस केंद्र. वेटिंग रूम भरलेली. माझ्या शेजारी एक सासू-सून बोलत होत्या.

"आई, बैठिए ना. कोपऱ्यातली खुर्ची खाली आहे."

"ती निमकरसाहेबांची गं. त्यांना जाऊन महिनाही झाला नाही."

"ज्यांनी हे सेंटर बांधलं, वही?"

"तेच. चिनहटला एवढी मोठी फॅक्टरी, पण स्वतःच्या डायलिसिसला आले की आमच्यासारखा नंबर लावून बसायचे. डॉक्टरांनी आधी बोलावलं तरी उठायचे नाहीत."

"और खुर्ची?"

"ती मात्र कुणाला द्यायचे नाहीत. सगळ्यांच्या आधी येऊन धरायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याचा एवढा हट्ट चालवून घ्या."

"इतना तो हक़ बनता है, आई."

"बनतोच. आणि माणूस मोठा गमत्या. भर मे महिन्यात माकडटोपी घालून बसायचे. आम्ही बायका हसायचो, तेही हसायचे."

"आई, बसा आता. दुसरी कुठे जागा नाही, पाय सुजलेत तुमचे."

"बसते. निमकरसाहेब, राग मानू नका हं."

"काय झालं? अशा काय बघताय वर?"

"एसी गं, अंतरा. सगळा वारा इथेच, सरळ डोक्यावर येतोय."

"उठिए, ठंड लग जाएगी. त्या काकूंना विचारते, जागा बदलतील."

"नको. त्यांना उठवू नकोस. तुझी ओढणी दे, डोक्याला गुंडाळते."